परातीतले खळगे

चंद्राच्या दक्षिणेकडच्या कडेजवळ एक भलंमोठं गोल मैदान आहे. भोवती डोंगरांचा कठडा, मध्ये सपाट तळ. व्यास सुमारे एकशेचाळीस मैल. पुस्तकात त्याला परदेशी नाव आहे, आमच्या घरात त्याला परात म्हणत. हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं. परातीच्या तळावर खळग्यांची एक वाकडी ओळ आहे. पहिला मोठा, दुसरा त्याहून लहान, तिसरा आणखी लहान, असे ते उतरत जातात. शुद्ध नवमी-दशमीच्या संध्याकाळी तिथे सूर्य उगवत असतो. ऊन अगदी तिरपं असतं, म्हणून प्रत्येक खळग्यात सावली साचते आणि तो वेगळा ओळखू येतो. दोन-तीन दिवसांनी ऊन वर चढलं की बारीक खळगे दिसेनासे होतात. असतात तिथेच.

हे खळगे आम्ही दोघांनी तीन हंगाम मोजले. पावसाळा सोडून महिन्यातून दोन संध्याकाळी, ढग नसले तर. एकूण एकेचाळीस नोंदी आहेत. त्या वहीबद्दल मी आजवर दोनच माणसांजवळ बोललो, त्यातली एक माझी बायको. वहीत एकही आकडा चुकीचा लिहिलेला नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

मी सर्व्हेच्या कामावर होतो. आमचं घर भंडारा जिल्ह्यातलं, धान पिकवणाऱ्यांचं. मॅट्रिकनंतर सर्व्हेचा कोर्स केला आणि कारखान्याच्या भरतीत भिलाईला आलो. तेव्हा इथे कारखाना नव्हता, खुंट्या होत्या. लाकडाच्या खुंट्या, डोक्यावर खिळा, बाजूला चुन्याची रेघ. कुठल्या खांबाचा पाया किती उंचीवर येणार हे त्या खुंट्यांवरून ठरायचं आणि खुंट्यांची उंची आमची पार्टी काढायची. लेव्हल म्हणजे तिपाईवर बसवलेली लहान आडवी दुर्बीण. लांबवर खलाशी, म्हणजे पार्टीतला मदतनीस, आकड्यांची पट्टी उभी धरतो आणि दुर्बिणीतून तिच्यावरचा आकडा वाचायचा. महत्त्वाच्या पायांसाठी आमचा नियम असा होता की एकट्या माणसाचं वाचन धरायचं नाही. पहिल्यानं वाचून आकडा मनात ठेवायचा, मग दुसऱ्यानं वाचायचा, मग दोघांनी सांगायचा. फरक दोन मिलिमीटरच्या आत असला तर दोन्ही आकडे पेन्सिलीनं मांडायचे, सरासरी काढायची आणि ती शाईनं लिहायची. फरक जास्त असला तर दोन्ही रद्द, पुन्हा सुरुवात. पुढे ती वही ड्रॉइंग ऑफिसात जावो की साहेबांच्या टेबलावर, सगळे शाईचा रकाना पाहत. पेन्सिलीच्या दोन रकान्यांकडे पाहायची कोणाला गरज पडत नसे.

ही पद्धत चांगली आहे. तिच्यावर उभे केलेले खांब अजून उभे आहेत.

दुर्बीण मी जुळवून केली. लिलावात निघालेल्या एका मोडक्या लेव्हलची डोळ्याकडची भिंगं मिळाली. तीन इंची मोठं भिंग कलकत्त्याहून टपालानं मागवलं. पत्र्याची नळी दुर्गच्या एका पत्रेवाल्यानं वळून दिली. ती कशासाठी हवी आहे हे त्यानं चार वेळा विचारलं आणि चारही वेळा त्याला ते पटलं नाही. तिपाई सागवानाची केली. सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरमागे परस होतं, एक पेरूचं झाड, कपड्यांची दोरी आणि चुना मारलेली भिंत. तिथे मी ती उभी केली. तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो, बायको अडतीस. मुलगी नागपूरला माझ्या बहिणीकडे शिकायला होती. क्वार्टरमध्ये आम्ही दोघंच.

पहिल्या संध्याकाळी बायकोनं डोळा लावला आणि लगेच काढला.

"हे उलटं कावून दिसते?"

"लेव्हलमधी बी असंच दिसते. आमाले सवय हाये."

"म्हंजे इतके दिवस तुमी उलटं पाहून पाहून कारखाना सुलटा बांधून राहिले?" ती हसली आणि परत डोळा लावला. या वेळी बराच वेळ काढला नाही.

यंत्रात चंद्र उलटा असल्यामुळे परात वरच्या बाजूला येई. मी आधी पाहून खळगे मोजले. सहा भरले. आकडा सांगितला नाही, नियमाप्रमाणे. मग तिला मोजायला सांगितलं.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ? सहाच हायेत."

"तुमचे सहा असतीन. माहे नऊ हायेत." तिनं मला जागा सांगितल्या. मोठ्या खळग्याच्या उजवीकडे जोडीनं दोन, आणि कठड्याला टेकून मोहरीएवढा एक. मी पुन्हा डोळा लावला. मला सहाच दिसले.

तिची नजर फार चांगली होती. रस्त्याच्या टोकाला कारखान्याची बस वळली की तिचा नंबर ही फाटकातून सांगायची. मी नियम चंद्रासाठी थोडा सैल केला. फरक तीनपर्यंत असला तर चालेल असं ठरवलं. नऊ आणि सहा, फरक तीन, सरासरी साडेसात. पेन्सिलीनं दोन आकडे, शाईनं एक. तिनं वहीत डोकावून पाहिलं.

"हे अर्धा खळगा कुठं हाये?"

"सरासरी हाये ते."

"नऊ तर नऊ लिवा ना. अर्धा कोनाले दिसला?"

मी तिला पद्धत समजावली. तिनं ऐकून घेतलं आणि भाकऱ्या टाकायला आत गेली.

त्या पहिल्या हंगामात तिचे आकडे नऊ, नऊ, आठ, नऊ असे आहेत. माझे सहा, सहा, सात, सहा. शाईचा रकाना सगळा साडेसात. शेजारचे क्रेन चालवणारे गृहस्थ, गोंदियाकडचे, भिंतीवरून डोकवायचे. "काय लेव्हलबाबू, चंद्रावर नवा सेक्टर काढून राहिली का कंपनी? मोठ्या टाइपचं क्वार्टर असन तर माहं नाव टाका." बायको आतून म्हणायची, "भाऊजी, पानी नाही तिकडं." ते म्हणायचे, "वहिनी, इथं तरी कुठं दोन वेळा येते?" अशी ती संध्याकाळ जायची. सूर्य बुडाल्यापासून तास-सव्वा तास. मी कामावरून येऊन हातपाय धुवायचो, ती चुलीवर काहीतरी मंद ठेवून बाहेर यायची. महिन्यातल्या बाकी संध्याकाळी आम्ही एकमेकांशी काय बोलायचो ते मला आठवत नाही. त्या दोन संध्याकाळी आठवतात, कारण त्या लिहिलेल्या आहेत.

दुसऱ्या हंगामात तिचे आकडे आठ आणि सातवर आले. माझी नजर सरावली होती, मला सात आणि आठ दिसायला लागले होते. मोहरीएवढा तो खळगा मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी तिला तसं सांगितलं. तिला आनंद झाला. तिनं स्वतः डोळा लावला, थोडी घुटमळली आणि म्हणाली, "आज नाही दिसून राहिला मले थो. तुमीच पाहून घेतला वाटते."

त्या वर्षी भट्ट्या वाढल्या होत्या. त्या काळात भिलाईत कशाचंही कारण विचारलं तर उत्तर एकच मिळायचं, धूर. दोरीवरचे कपडे काळवंडले, धूर. आंब्याचा मोहोर गळला, धूर. कोणाचा खोकला जात नाही, धूर. आणि सांगणाऱ्याच्या आवाजात तक्रारीबरोबर थोडी ऐटही असायची, कारण तो धूर आमचा होता. जिथे धानाच्या शेतांच्या बांध्या होत्या तिथे आम्ही तो काढला होता. मीही वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : हवेत धूर, बारीक खळगे अस्पष्ट. अशा सोळा नोंदींपुढे तो शेरा आहे. त्याच संध्याकाळी, त्याच हवेतून, मला पूर्वीपेक्षा जास्त खळगे दिसत होते. हे त्या शेऱ्यात बसत नाही. तरी मी सोळा वेळा लिहिलं.

सरासरी साडेसात येत होती. माझे वाढत होते, तिचे घटत होते आणि शाईचा रकाना जागच्या जागी होता. मी त्या रकान्यावर बोट फिरवून समाधान मानायचो. दोन वर्षं एकच आकडा येतो म्हणजे यंत्र ठीक आहे, पद्धत ठीक आहे.

त्याच सुमारास एकदा ती फाटकातून परत येऊन म्हणाली, "आज चंद्राले खळं पडलं. रंगीत." मी बाहेर जाऊन पाहिलं. चंद्र स्वच्छ होता, भोवती काही नव्हतं. मी म्हणालो, धुराचा पट्टा असेल, निघून गेला असेल. पुढे ती म्हणायची की रस्त्यावरच्या दिव्यांनाही खळं पडतं. कधी उजव्या कपाळात ठणकायचं, ती बाम चोळायची. चंद्राभोवतीचं खळं कशानं पडतं हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, म्हणून मी तिला ते समजावून सांगितलं. तिनं तेही ऐकून घेतलं.

बाकीच्या गोष्टी सुट्या सुट्या घडल्या आणि मी त्यांना सुटी सुटी कारणं दिली. व्हरांड्यात उजवीकडे टेकवलेल्या माझ्या सायकलीला ती दोनदा धडकली. मी सायकल जागेवर लावत नाही, हे कारण. दुधाचं पातेलं उतरवून ठेवताना ते ओट्याच्या कडेवरून गेलं. ओटा अरुंद आहे. बाजारात जवळच्या रुआबांधा गावाहून भाजी घेऊन येणारी बाई तिला हात करायची आणि ही सरळ पुढे निघून जायची; तेव्हा सेक्टरमधल्या बायका म्हणू लागल्या की लेव्हलबाबूंच्या बायकोला आता घमेंड आली. ती घरी येऊन रडली. "मी कोनाले पाहून बी न पाहल्यासारखं कावून करीन?" मी म्हणालो, लोकांचं मनावर घेऊ नको.

तिसरा हंगाम लागला. तिचे सहा, सहा, पाच. माझे आठ, नऊ, आठ. फरक दोन, तीन, तीन. नियमात बसत होतं. फरक किती हे नियम विचारतो, कोणत्या बाजूचा ते विचारत नाही. पहिल्या वर्षी ती माझ्यापेक्षा तीन पुढे होती, आता तीन मागे होती, आणि दोन्ही वेळा मी फरकाखाली तीन लिहून बरोबरची खूण केली. पण सरासरी सातवर आणि साडेसहावर उतरली तेव्हा मला ते खटकलं. शाईचा आकडा हलला म्हणून मला खटकलं. आणि मी तिला बोललो.

"मन लावून पाय जरा. घाई करून राहिली तू. जीव तिकडं चुलीपाशी हाये तुहा."

"मन लावूनच पाहून राहिली."

"मंग पाच कसे? सगळ्यात आधी नऊ तूच सांगितले ना? खळगे बुजले का चंद्रावरचे?"

तिनं पदरानं डोळा पुसून पुन्हा लावला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "हो, सात हायेत. माहंच चुकलं." मी पाच खोडून सात केले नाहीत, पहिलं वाचन तसंच ठेवलं, पण मला बरं वाटलं. पुढच्या नवमीला ती सात म्हणाली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सात. पुढच्या महिन्यात सात आणि सात. माझे आठ. सरासरी परत साडेसात. मी तिला म्हणालो, "पाय, लक्ष देलं का दिसते." ती हं म्हणाली.

चैत्रातली रामनवमी होती. नवमीच असल्यामुळे परात नेमकी उजेडाच्या काठावर होती. सूर्य बुडाला होता, आभाळात अजून फिकट उजेड होता आणि अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र डोक्यावर होता. मी नळी लावली, परात मधोमध आणली, मोजले, आठ भरले. तिला म्हणालो, बस. इतक्यात पुढच्या दारी शेजारच्यांनी हाक मारली. ते सुंठवड्याचा प्रसाद घेऊन आले होते. मी पुढे गेलो. त्यांनी प्रसाद दिला, देवळात गर्दी किती होती ते सांगितलं, त्यांच्या शिफ्टची अदलाबदल सांगितली. पाच-सात मिनिटं गेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आपली पृथ्वी फिरते म्हणून चंद्र दुर्बिणीतून सरकत जातो. दोन मिनिटांत तो आपल्या रुंदीइतका सरकतो. नळी हातानं हलवून त्याच्यामागे राहावं लागतं. हे तिला माहीत होतं, पहिल्या महिन्यापासून ती स्वतः नळी हलवायची.

मी परसात आलो तेव्हा ती डोळा लावून बसली होती. माझी पावलं ऐकून म्हणाली, "सात."

मी म्हणालो, सरक, जरा पाहू दे. डोळा लावला. नळीत चंद्र नव्हता. तो केव्हाच निघून गेला होता. नुसतं फिकट निळं आभाळ होतं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

तेव्हाच तिला विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. एका वाचनावर जायचं नाही ही माझ्या हातांची सवय होती. मी नळी हळूच खाली वळवली आणि परसाच्या चुना मारलेल्या भिंतीवर आणून ठेवली. भिंत दहा फुटांवर, नळीत तिचा नुसता पांढुरका धूसर गोळा दिसत होता. मी म्हणालो, "पुन्हा लावून देला. एकदा आणखी मोज."

नळी आडवी का झाली हे तिनं विचारलं नाही, कारण ती मी लावून दिली होती. तिनं उजवा डोळा लावला. डावा हातानं झाकला. नीट वेळ घेतला, अगदी मन लावून. "सात," ती म्हणाली. "तसेच हायेत. मोठ्याच्या बाजूले दोन."

"भिंत हाये थे," मी म्हणालो.

तिनं डोळा काढला नाही. तशीच वाकून बसून राहिली. शेजारी कोणाच्या घरी रेडिओ लागला होता. मग ती म्हणाली, "मले पांढरं दिसलं. पांढरं म्हंजे चंद्रच असन म्हटलं."

"कधीपासून?"

"मोजता येत नाही थे गेल्या दिवाळीपासून. पहिले कमी कमी होत गेले. मले वाटलं धूर हाये, तुमीच लिवून राहिले होते. मंग तुमी रागावले." ती उठून उभी राहिली, हात पुढे करून पेरूचं झाड कुठे आहे ते चाचपलं. "सात सांगितलं का तुमी खूश राहता."

"सांगितलं कावून नाही?"

"काय सांगू? तुमच्या वहीत अर्धा खळगा चालते, माहा खोटा चालन म्हटलं."

हे ती रागानं बोलली नाही. थट्टेनंही नाही. मग आत गेली आणि भात उतरवला. आम्ही जेवलो. सुंठवडा वाटीत तसाच राहिला.

कारखान्याच्या दवाखान्यातून चिठ्ठी मिळाली आणि आठ दिवसांनी आम्ही नागपूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी तिचे दोन्ही डोळे अंधाऱ्या खोलीत बराच वेळ तपासले. मग बाहेर येऊन मला एकट्याला बसवलं. उजवा डोळा जवळजवळ गेला होता. डावा निम्म्याच्या वर गेला होता, बाजूनं आत येत येत. काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस हळूहळू सुकते. दिव्यांभोवती रंगीत खळी, कपाळात ठणका, बाजूचं न दिसणं, सगळं त्यांनी मी न सांगता सांगितलं. रोजच्या व्यवहारात हे लवकर कळत नाही, ते म्हणाले, कारण एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो. एकेक डोळा वेगळा तपासला तरच कळतं.

"केव्हापासून असेल, काही अंदाज?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून वही काढली. का आणली होती ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. त्यांच्यासमोर उघडून ठेवली आणि सांगितलं की हे आकडे आम्ही दुर्बिणीतून पाहून लिहिले आहेत, ती नेहमी उजवाच डोळा लावायची.

त्यांनी चष्मा वर केला. एकेक पान उलटत गेले. "हा रकाना तुमचा. आणि हा यांचा?"

"हो."

त्यांचं बोट पेन्सिलीच्या रकान्यावरून खाली आलं. नऊ, नऊ, आठ. आठ, सात, सात. सहा, पाच. तिथे ते थांबले. "हे सात?"

"ते खरे नाहीत," मी म्हणालो.

"आणि हा शाईचा?"

"सरासरी."

"कशाची सरासरी?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. दुसऱ्या हंगामाच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाले, "या वेळी आल्या असत्या तर थेंबांवर भागलं असतं कदाचित. बराचसा डोळा राखता आला असता." मग वही मिटून माझ्याकडे सरकवली. "गेलेलं परत येत नाही. ऑपरेशन करू. आहे तेवढं राखायचा प्रयत्न करू."

बाहेर बाकावर ती बसली होती, मांडीवर पिशवी, चेहरा दाराकडे. दार तिला दिसत होतं की नाही हे मला माहीत नव्हतं. मी शेजारी बसलो आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले ते, आणि वहीतलं. रकाना वाचून दाखवला. कुठून उतरत गेला ते सांगितलं. लपवण्यासारखं बरंच होतं, पण मला लपवायची रीत येत नव्हती.

"म्हंजे तुमाले माहीत होतं?"

"लिवलेलं होतं. माहीत नव्हतं."

समोरून एक बाई पोराला कडेवर घेऊन गेली, त्याच्या डोळ्याला पट्टी होती.

"लिवलं तर वाचाव लागते ना," ती म्हणाली.

एवढंच. नंतर त्यावर ती कधी बोलली नाही. मला वाटतं तिनं एखाद्या दिवशी बोलावं, भांडावं, ती वही चुलीत घालावी. ती तसं करत नाही. वही माझ्या कपाटात आहे. दुर्बीण मी त्याच महिन्यात काढून भिंगं वेगळी केली. नळी परसात होती, पावसात गंजली.

ऑपरेशनला आता चार वर्षं झाली. उजव्या डोळ्याला उजेड तेवढा कळतो. डाव्यात मधला थोडा भाग राहिला आहे असं डॉक्टर म्हणतात. दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतात, ते मी घालतो. कामाच्या वेळात दुपारचे शेजारच्या वहिनी येऊन घालतात. पहिले काही महिने मी रोज सकाळी तिच्यासमोर बोटं धरून विचारायचो, किती? एक दिवस तिनं तोंड फिरवलं. "आता नाही सांगत जा. सांगितलं का तुमी लिवत बसता." तेव्हापासून ती सांगत नाही. तिला आज नेमकं किती दिसतं हे मला ठाऊक नाही. सहा महिन्यांनी डॉक्टर पाहतात आणि बरं आहे म्हणतात. त्यांच्या कार्डावरचे आकडे मी विचारत नाही.

म्हणून मी आता तिच्याकडे पाहतो. बाजूनं चहा पुढे केला तर हात केव्हा येतो. दारात उभं राहिलं तर मान कधी वळते. चेहऱ्याकडे पाहते की आवाजाच्या दिशेनं. वीस वर्षांच्या संसारात मी तिच्याकडे इतकं पाहिलेलं नव्हतं. तिला ते कळतं. "काय पाहून राहिले?" म्हणते. मी काही नाही म्हणतो.

परवा रविवारी सकाळी ती व्हरांड्यात उन्हात बसून तांदूळ निवडत होती. सूप मांडीवर, डाव्या डोळ्याजवळ थोडं उचललेलं, बोटं दाण्यांवरून फिरत होती. मध्ये मी एकदा म्हणालो, मी निवडतो, तर ती म्हणाली, तुमचे खांब राहू द्या उभे, तांदूळ मले येते. निवडून झालं तसं तिनं सूप माझ्याकडे सरकवलं. वरच दोन पांढरे खडे होते, दाण्यांच्या रंगाचे. मी ते उचलले आणि हळूच अंगणात टाकले.

"राहिले का काही?" तिनं विचारलं.

"एक बी नाही."

ती थांबली. मान किंचित अंगणाकडे वळली.

"खोटं. पडल्याचा आवाज आला मले."

"दोन होते," मी म्हणालो.

तिनं सूप परत मांडीवर ओढलं आणि पहिल्यापासून निवडायला लागली.